कोको लागवडीचे तीन दिवसांचे प्रशिक्षण: वर्षभरानंतर लिहिलेला अभिप्राय

सप्टेंबर २०२४ मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यात, पुत्तूरच्या पुढच्या एका गावी, लहान शेतकऱ्यांसाठी कोको लागवडीचे तीन दिवसांचे निवासी प्रशिक्षण भरले होते. त्याला मी आणि माझे पती असे दोघेही गेलो होतो. आमची बाग दोडामार्ग तालुक्यात आहे. दीड एकर पोफळी, कडेने माड, पोफळींवर चढवलेले मिरीचे वेल आणि चार वर्षांपूर्वी पोफळींच्या एक ओळ सोडून एक अशा ओळींत लावलेली साठ कोकोची झाडे एवढाच आमचा पसारा. शुल्क माणशी १,५०० रुपये होते आणि त्यात राहणे, जेवण व एक छापील पुस्तिका यांचा समावेश होता. प्रशिक्षण संपते त्या संध्याकाळी संस्थेने अभिप्रायाचा कागद भरून घेतला, तेव्हा मी सगळ्या रकान्यांत ‘उत्तम’ लिहून दिले होते. परंतु अशा प्रशिक्षणाची परीक्षा स्वतःच्या बागेत, एक पावसाळा आणि एक हंगाम गेल्यावरच होते. म्हणून आता वर्षभराने, जे उपयोगी पडले आणि जे पडले नाही ते सविस्तर लिहीत आहे. आपल्या कोकणातून किंवा गोव्यातून कोणी अशा प्रशिक्षणाला जाण्याचा विचार करत असेल, तर त्याला किंवा तिला जाण्यापूर्वी हे ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

पहिला दिवस सभागृहात गेला. कोकोचे मूळ अॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात असून तेथे ते उंच वृक्षांच्या सावलीत वाढणारे झाड आहे, म्हणून आपल्या पोफळी-माडांच्या बागेत ते आंतरपीक म्हणून मानवते, एवढी ओळख झाल्यावर तीन तास पडद्यावरची चित्रे पाहण्यात गेले. त्यांतील बरीच चित्रे आणि पुस्तिकेतील जवळजवळ अर्धी पाने पश्चिम आफ्रिकेतील प्रशिक्षणासाठी तयार केलेल्या साहित्यावरून घेतलेली होती. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो आणि तोही बहुतांशी लहान शेतकऱ्यांच्या शेतांतून, त्यामुळे तेथील अनुभवाचा आधार घेणे साहजिक आहे. अडचण अशी की तेथील मुख्य प्रश्न आपल्या प्रश्नाच्या नेमका उलट आहे. तेथे जंगल तोडून, बहुतेक उघड्या उन्हात कोको लावला गेला, पंचवीस-तीस वर्षांनी जमिनीचा कस उतरला की नवीन जंगलाकडे सरकायचे अशी रीत पडली आणि आयव्हरी कोस्टचे बहुतेक जंगल त्यात नाहीसे झाले. म्हणून तेथे शाश्वत शेतीचा पहिला धडा ‘सावलीची झाडे लावा’ हा असतो. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेला जंगलतोडविरोधी कायदाही, ज्यात ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून घेतलेल्या जमिनीवरचा कोको युरोपात विकण्यास मनाई करण्याची तरतूद आहे, याच चिंतेतून आला आहे.

आमच्या बागेत मात्र सावली उणी नाही, ती जास्त आहे. पोफळी, माड, मिरी, बांधावरचे फणस आणि जांभळे या सगळ्यांखाली पावसाळ्याचे चार महिने जमीन सुकत नाही. तेथे आणखी सावलीची झाडे लावली तर कोकोच्या फळांवर बुरशी येईल, दुसरे काही होणार नाही. पुस्तिकेतील ‘सावली व्यवस्थापन’ हे सहा पानांचे प्रकरण आम्हा तिसावर लोकांपैकी एकाच्याही कामाचे नव्हते आणि हे साहित्य छापणाऱ्यांनी एकदा तरी पोफळीच्या बागेत उभे राहून वाचायला हवे होते. सुमारे निम्मा उजेड कोकोला पुरतो. आपल्याकडचा प्रश्न तो निम्मा उजेड खाली पोहोचवायचा कसा, हा आहे. शाश्वत हा शब्द आपल्या बागांना लावायचा असेल तर त्याचा अर्थ पाणी, पालापाचोळा, मोरचुदाचा (कॉपर सल्फेटचा) माफक वापर आणि एका पिकावर सगळे घर अवलंबून न ठेवणे असा होतो. हे दुसऱ्या दिवशी, ज्यांच्या बागेत आम्ही गेलो त्या यजमान शेतकऱ्याने सांगितले, पण पुस्तिकेत ते कोठेही नाही.

पहिल्याच दिवशी दुपारी एका वयस्क बागायतदारांनी अर्धा तास बोलून सभागृहातील सगळ्यांना जागे केले. आपल्याकडे १९६५ च्या सुमारास कॅडबरीने वायनाडमध्ये प्रात्यक्षिक लागवड सुरू केली, सत्तरच्या दशकात केरळ आणि कर्नाटकात शेतकऱ्यांनी उत्साहाने कोको लावला आणि दशकाच्या शेवटी भाव कोसळले तेव्हा खरेदीदार मागे हटले, फळे झाडावर काळी पडली आणि अनेकांनी झाडे तोडून टाकली. त्या वेळी, १९७३ मध्ये स्थापन झालेली सुपारी उत्पादकांची सहकारी संस्था कॅम्पको कोको खरेदीत उतरली आणि पुढे १९८६ मध्ये तिने पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना उभा केला. वडिलांनी तोडलेल्या झाडांच्या जागी आपण पुन्हा कोको लावला तो खरेदीची ही व्यवस्था डोळ्यांसमोर दिसली म्हणून, असे त्यांनी सांगितले. भाव आणि बाजार हा विषय कार्यक्रमपत्रिकेत फक्त चाळीस मिनिटांचा होता. त्याला मिळायला हवा होता तो वेळ या एका माणसाच्या आठवणीमुळे मिळाला.

भावाच्या अधिकृत सत्राबद्दल मात्र मला स्पष्ट तक्रार नोंदवायची आहे. उत्पन्नाचा जो हिशेब पडद्यावर दाखवला गेला, तो २०२४ च्या उन्हाळ्यातील भावावर बेतलेला होता. पश्चिम आफ्रिकेतील पीक घटल्यामुळे त्या वेळी केरळात सुक्या बियांना किलोमागे हजार रुपयांच्या आसपास भाव मिळत होता आणि न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात टनाला १०,००० डॉलरची पातळी मार्चमध्येच ओलांडली गेली होती. डिसेंबरात ती १२,००० च्याही वर गेली आणि पुढच्या वर्षभरात भाव निम्म्यावर आला. प्रशिक्षकांना हे भविष्य ठाऊक असणे शक्य नव्हते, हे मला मान्य आहे. पण ज्या पिकाचा इतिहास दुपारीच ऐकलेला होता, त्याचा हिशेब सर्वांत चढ्या भावाने मांडणे लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने धोक्याचे आहे, कारण तो त्या आकड्याच्या भरवशावर कर्ज काढतो. माझ्या पतींनी हाच हिशेब निम्म्या आणि पाव भावाने करून दाखवा अशी विनंती केली, तेव्हा प्रशिक्षकांनी तो लगेच फळ्यावर करून दाखवला. पाव भावातही आंतरपीक म्हणून कोको परवडतो, कारण पाणी आणि बरीचशी मशागत पोफळीच्या खाती आधीच पडलेली असते. मात्र एकटे पीक म्हणून तो परवडत नाही. माझ्या मते संपूर्ण प्रशिक्षणातील ही सर्वांत मोलाची आकडेमोड होती आणि ती विचारल्याशिवाय मिळाली नाही.

दुसरा दिवस छाटणीचा होता आणि केवळ त्या एका दिवसासाठीही मी हे प्रशिक्षण पुन्हा करीन. यजमान शेतकरी कऱ्हाडे घराण्यातील होते. त्यांच्या घरी बोलली जाणारी मराठी पिढ्यान्‌पिढ्या कानडी आणि तुळूच्या शेजारात राहिलेली असली तरी आम्हांला नव्वद टक्के समजत होती. सभागृहात सगळे कानडीत चालले होते आणि अनुवादासाठी दिलेला मुलगा प्रत्येक तिसरे वाक्य गाळत होता, त्यामुळे बागेत आपली भाषा कानावर पडल्याचा आनंद वेगळाच होता. यजमानांनी कोणाच्याही हाती कात्री देण्यापूर्वी प्रत्येकाला एकेका झाडासमोर पाच मिनिटे नुसते उभे केले. उजेड कोठून येतो, फळे कोठे लागली आहेत, कोणती फांदी कोणत्या फांदीला घासते हे पाहा, मग बोला, असे त्यांनी बजावले.

ज्यांनी कोको जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. बियांपासून वाढलेले कोकोचे रोप आधी सरळ वर जाते आणि साधारण मीटर-दीड मीटरवर एकाच जागेतून तीन ते पाच आडव्या फांद्या पसरते. या जागेला तेथे सगळे जॉर्केट म्हणतात. त्यानंतर जॉर्केटच्या खालून सरळसोट फुटवे उठतात, वर जाऊन दुसरा मजला करतात आणि तसेच सोडले तर तिसराही. आमच्या घरच्या झाडांनी दुसरा मजला केव्हाच चढवला होता आणि आम्ही ती झाडाची तब्येत चांगली असल्याची खूण मानत होतो. यजमानांनी समजावले की उंच गेलेल्या झाडावर फवारा पोहोचत नाही, पिकलेले फळ दिसत नाही, खार आणि उंदीर त्याचा फडशा पाडतात आणि खालच्या फांद्यांना उजेड मिळत नाही. म्हणून सरळ फुटवे कोवळे असतानाच हाताने मोडायचे, लोंबणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या काढायच्या, झाड हात आणि आकडी पोहोचेल एवढ्या उंचीवर राखायचे. पण एकदम उघडे पाडायचे नाही, नाहीतर खोड उन्हाने भाजते. वाढून गेलेले झाड दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने खाली आणायचे. कापलेल्या मोठ्या जागेवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायची.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांनी खोडावर बोट ठेवून दाखवली. कोकोची फुले आणि फळे खोडावर आणि जाड फांद्यांवर येतात आणि तीही ठरावीक गाठींवर, वर्षानुवर्षे त्याच जागी. फळ ओढून किंवा पिळून काढले की ती गाठ सोलली जाते आणि तेथे पुन्हा फूल येत नाही. आम्ही अगदी पहिल्या फळापासून फळे पिळून काढत होतो. घरी परतल्यावर मी साठही झाडांची खोडे तपासली तेव्हा पहिल्या फळांच्या जागा सुकलेल्या जखमांसारख्या दिसल्या, आणि तो दिवस मला फार जड गेला. आता आम्ही कात्रीनेच देठ कापतो.

फुलाचा आकार नखाएवढाही नसतो आणि त्याचे परागीभवन चिलटासारखी अगदी बारीक माशी करते. ही माशी ओलसर, कुजणाऱ्या पालापाचोळ्यात वाढते. खाली पडलेली सुपारी वेचायला सोपे जावे म्हणून बागेची जमीन झाडून लख्ख ठेवण्याची आमच्या घरची जुनी शिस्त आहे आणि माझ्या सासूबाईंना त्या शिस्तीचा अभिमानही आहे. कोकोच्या ओळीतला पाला तसाच राहू द्यायचा, केळीचे कापलेले खांबही तेथेच कुजू द्यायचे, हे त्यांना पटवायला प्रशिक्षणातील कोणतेच चित्र उपयोगी पडले नाही. गेल्या उन्हाळ्यात कोकोच्या ओळीतील माती भर दुपारीही थंड आणि भुसभुशीत राहिलेली त्यांनी स्वतः हातात घेऊन पाहिली, तेव्हा त्यांनी खराटा त्या ओळीपुरता बाजूला ठेवला. आणखी एक गोष्ट अशी की कोकोची अनेक झाडे स्वतःच्याच परागाने फळत नाहीत, म्हणून एकाच वाणाची कलमे लावू नयेत, निरनिराळे वाण मिसळून लावावेत. आमच्या शेजारच्या वाडीत एका बागायतदाराने एकाच वाणाची चाळीस कलमे लावली आहेत. फुलांनी झाडे भरतात, फळे मात्र बोटांवर मोजण्याइतकी येतात. विकणाऱ्याने त्यांना याबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता.

खते आणि रोग यांचे सत्र आटोपशीर होते. मोठ्या झाडाला वर्षाला १०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि १४० ग्रॅम पालाश, दोन हप्त्यांत, पहिल्या वर्षी त्याच्या एक तृतीयांश आणि दुसऱ्या वर्षी दोन तृतीयांश, ही शिफारस पुस्तिकेतही आहे. फळे काळी पडण्याचा रोग फायटोफ्थोरा या बुरशीमुळे होतो आणि सुपारीचा कोळेरोग आणणारी बुरशी तिचीच भावंड आहे, हे कळल्यावर आम्हा सुपारीवाल्यांची भीती निम्मी झाली. उपायही ओळखीचाच निघाला. किलोभर मोरचूद, किलोभर चुना आणि शंभर लिटर पाणी यांचे बोर्डो मिश्रण आमच्या घरातील लहान मुलांनाही पाठ आहे आणि त्यात लोखंडी विळा बुडवून तांबूस थर चढतो का ते पाहण्याची रीतही. नवीन शिकायला मिळाले ते एवढेच की फवारणीच्या आधी रोगट फळे काढून बागेबाहेर खड्ड्यात पुरली नाहीत, तर फवारा वाया जातो. फळे फोडून उरलेल्या सालींचा ढीगही झाडाखाली ठेवायचा नाही, तो मातीआड कुजवायचा. काजूवर येणारा ढेकण्या कोकोच्या कोवळ्या फळांनाही डाग पाडतो हे प्रत्यक्ष दाखवले गेले. लहान फळे पिवळी-काळी होऊन झाडावरच सुकतात, त्यांतली बरीचशी झाड स्वतःच ओझे कमी करण्यासाठी सोडून देत असते आणि ते पाहून घाबरून औषध मारू नये, हे सांगितल्याबद्दल मी प्रशिक्षकांची विशेष आभारी आहे. आमचा एक फवारणीचा खर्च त्यामुळे वाचला.

तिसरा दिवस बिया आंबवण्याचा होता. आंबवण्याला सहा दिवस लागतात आणि प्रशिक्षणाकडे एकच दिवस असतो, ही अडचण आयोजकांनी फार विचारपूर्वक सोडवली होती. आदल्या आठवड्यापासून रोज एक याप्रमाणे त्यांनी सहा लाकडी पेट्या भरून ठेवल्या होत्या आणि आम्हांला पहिल्या पेटीपासून सहाव्या पेटीपर्यंत क्रमाने नेले. पहिल्या पेटीत बिया पांढऱ्या गोड गरात होत्या. दुसरीला ताडीसारखा वास होता. तिसरीत हात घातल्याबरोबर तो मागे घ्यावा इतकी ऊब होती. चौथ्या पेटीजवळ व्हिनेगरचा वास डोळ्यांत जात होता. सहाव्यात गर जवळजवळ नाहीसा होऊन बिया तांबूस आणि फुगलेल्या दिसत होत्या. आधी यीस्ट साखर खाते, मग जिवाणू आम्ल तयार करतात, पेटीतले तापमान ४५ ते ५० अंशांवर जाते, त्या उष्णतेने आणि आम्लाने बीचा अंकुर मरतो आणि मगच चॉकलेटची चव तयार होण्याची सुरुवात होते. हे सगळे पुस्तकात चार ओळींत वाचता येते, पण सहा पेट्यांत हात घालून ते जसे कळले तसे वाचून कळले नसते. नुसत्या वाळवलेल्या, न आंबवलेल्या बिया आम्हांला चावून पाहायला दिल्या. त्यांचा तुरटपणा दुपारच्या जेवणापर्यंत जिभेवर होता.

त्यानंतर बिया कापून परीक्षा कशी करायची ते शिकवले. पन्नास सुक्या बिया उभ्या कापून पाटावर मांडायच्या. आतून तपकिरी आणि भेगाळलेली बी चांगली आंबलेली, जांभळी बी अर्धवट, राखाडी आणि घट्ट बी अजिबात न आंबलेली. पन्नास बिया आणि एक धारदार सुरी एवढ्यावर शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या आधी स्वतःच्या मालाची प्रत कळते. माझ्या दृष्टीने ही या तीन दिवसांतील खरी शिदोरी आहे.

येथेच मला स्त्रियांबद्दल लिहायचे आहे. फळे फोडणे, बिया काढणे, आंबवणे, ढवळणे, वाळवणे ही कामे आमच्या आणि यजमानांच्या अशा दोन्ही घरी बायकाच करतात. घानातही कापणीनंतरच्या कामांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे आणि जमीन बहुधा पुरुषाच्या नावावर. तरीही चौतीस प्रशिक्षणार्थींमध्ये आम्ही पाच जणी होतो, कारण प्रवेश जमिनीच्या उताऱ्यावरून दिला जातो. सातबारावर माझे नाव नाही, म्हणून मला ‘सोबत आलेली व्यक्ती’ म्हणून पूर्ण शुल्क भरून बसू दिले, पण प्रमाणपत्र फक्त पतींच्या नावाने मिळाले. तिसऱ्या दिवशी पेट्यांपाशी सर्वांत जास्त प्रश्न आम्ही पाच जणींनी विचारले, ही गोष्ट प्रशिक्षकांनीच समारोपात सांगितली. ती त्यांनी पुढच्या तुकडीच्या प्रवेश अर्जातही उतरवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

राहण्याची सोय साधी आणि स्वच्छ होती. जेवण फार चांगले होते.

आता प्रशिक्षणानंतरच्या वर्षाबद्दल. सहा महिन्यांच्या आत प्रशिक्षक प्रत्येकाच्या बागेला एकदा भेट देतील असे माहितीपत्रकात छापले होते. आमच्याकडे कोणी आले नाही. दोनदा विचारल्यावर राज्याची हद्द ओलांडून येण्याची तरतूद नसल्याचे कळले, आणि ते शुल्क घेताना सांगायला हवे होते. प्रशिक्षणार्थींचा व्हॉट्सअॅप गट कानडीत चालतो. तेथे येणारी छायाचित्रे आम्ही पाहतो आणि मजकूर एका ओळखीच्या शिक्षकांकडून समजून घेतो. छाटणी आम्ही ऑक्टोबरात केली. पहिल्या दहा झाडांवर हात धजला नाही, पुढच्या वीसांवर जरा जास्तच धजला आणि त्यांतल्या चार झाडांची खोडे मार्चच्या उन्हात भाजली. कोणी जाणते माणूस त्या एका सकाळी आमच्यासोबत उभे असते तर ती चार झाडे वाचली असती, असे मला अजूनही वाटते.

शेतीशाळा ही कल्पना १९८९ मध्ये इंडोनेशियातील भातशेतीत सुरू झाली आणि २००० नंतर पश्चिम आफ्रिकेतील कोको शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली. तिचे मूळ तत्त्वच असे आहे की शेतकऱ्यांनी संपूर्ण हंगामभर, ठरावीक दिवसांनी, एकाच शेतात जमायचे, झाड पाहायचे, निर्णय घ्यायचा आणि पुढच्या वेळी त्या निर्णयाचे काय झाले ते तपासायचे. सलग तीन दिवसांच्या निवासी वर्गात हे होऊ शकत नाही, मग प्रशिक्षक कितीही चांगले असोत. हेच तीन दिवस तोडून पावसाळ्याच्या अखेरीस एक छाटणीसाठी, हंगामाच्या तोंडावर एक आंबवण्यासाठी आणि एप्रिल-मे महिन्यांत एक, पावसाआधीच्या खत-फवारणीच्या तयारीसाठी दिला, तर त्याच शुल्कात दुप्पट काम होईल. दूरच्या लोकांना तीनदा येणे परवडणार नाही हे खरे आहे. आमच्यासारख्यांसाठी खरा उपाय म्हणजे सिंधुदुर्गात आणि गोव्यात, आपल्याच एखाद्या बागेत आणि आपल्या भाषेत, अशी शेतीशाळा सुरू होणे. पोफळी-माडांचा अनुभव आपल्याकडे पिढ्यांचा आहे. बागेत उभे राहून कोकोचा हात दाखवणारे कोणीतरी मात्र हवे.

विक्रीची अडचण वेगळी आहे. दक्षिण कन्नडमध्ये ओल्या बिया विकण्याची सोय असल्यामुळे तेथील शेतकरी फळे फोडून त्याच दिवशी मोकळा होतो. आमच्याकडे नियमित खरेदीदार नसल्याने आंबवून, वाळवूनच विकावे लागते आणि प्रशिक्षणात शिकवलेल्या पेटीला लागणाऱ्या बिया साठ तरुण झाडांवरून एका वेळी मिळत नाहीत. थोड्या बियांसाठी लहान टोपलीची पद्धत आहे. तळाला पाणी निथळण्यासाठी वाट ठेवून केळीच्या पानांनी मढवलेली बांबूची टोपली भरायची, दुसऱ्या दिवसापासून ती गोणपाटात गुंडाळायची, दोनदा ढवळायची आणि सहाव्या दिवसाअखेर बिया उन्हात घालायच्या. ही पद्धत पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर सहा ओळींत उरकलेली आहे. लहान शेतकऱ्यांसाठी भरवलेल्या प्रशिक्षणात तिला सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळ मिळायला हवा होता. या वर्षी आमची एकूण २२ किलो सुकी बी झाली, ती गोव्यातील एका लहान चॉकलेट बनवणाऱ्यांनी किलोला ४५० रुपये दराने घेतली, म्हणजे दोघांचे शुल्क आणि प्रवास वजा जाता काही हजार रुपये हाती राहिले.

ज्यांच्या बागेत कोको आधीच उभा आहे आणि फळू लागला आहे, त्यांनी या प्रशिक्षणाला अवश्य जावे. लागवड करायची की नाही हे ठरवण्यासाठी मात्र तेथे जाऊ नये, त्यासाठी आधी जवळचा खरेदीदार शोधावा. घरातील दोघांनी जावे, आणि त्यांतील एक ती असावी जी बिया आंबवणार आहे. आपल्या बागेची दुपारी बारा वाजता काढलेली छायाचित्रे सोबत न्यावीत, यजमान त्यांवरून सावलीचा अंदाज नेमका सांगतात. हिशेबाच्या सत्रात निम्म्या भावाचा हिशेब मागून घ्यावा.

आमची पहिली टोपली नोव्हेंबरात भरली. ती चार किलोंची होती आणि मी ती पडवीत ठेवली होती. सुकल्यावर ५० बिया कापल्या, त्यांत तपकिरी १९ निघाल्या, बाकीच्या जांभळ्या आणि राखाडी. मी यजमानांना फोन केला. त्यांनी टोपली कोठे ठेवली होती एवढेच विचारले आणि थोड्या बिया स्वतःची ऊब धरू शकत नाहीत, त्यांना घराची ऊब द्या, असे सांगितले. डिसेंबरातली दुसरी टोपली पेंढ्यात बसवून, दुहेरी गोणपाटात गुंडाळून सासूबाईंनी चुलीच्या मागे ठेवली आणि तिसऱ्या दिवशी त्यांनीच हात घालून ती तापल्याचे सांगितले. त्या टोपलीतल्या ५० बियांपैकी ३८ तपकिरी निघाल्या.